इंदूर नगरीतील गरीब माता आणि रुग्णालय

इ. स. १८८४ च्या अखेरीस डॉ. एलिझाबेथ बीटी नावाच्या एक तरुण बाई कॅनडाहून इंदुरास येऊन पोचल्या. त्याच वर्षी किंग्स्टन येथील क्वीन्स विद्यापीठातून ज्या पहिल्या तीन स्त्रिया वैद्यकाच्या पदवीधर झाल्या, त्यांपैकी त्या एक होत. प्रेस्बिटेरियन मिशनने त्यांना पाठविले होते. इंदुरात त्या वेळी तुकोजीराव होळकर (दुसरे) यांची राजवट अखेरच्या टप्प्यात होती, आणि नगरात धर्मप्रवचने करण्याच्या प्रश्नावरून दरबार व मिशन यांच्यात बराच खटका उडालेला होता. चौकात उभे राहून उपदेश करणाऱ्या पाद्र्याला जी दारे बंद होती, ती औषधाची पेटी घेऊन आलेल्या या बाईंना उघडली. या सेवेमागे धर्मप्रसाराचाही हेतू होता, हे लपविण्याचे कारण नाही; दरबाराला तो ठाऊक होता आणि मिशननेही तो कधी नाकारला नाही. तथापि अडलेल्या बाळंतिणीच्या घरच्यांना त्या घटकेस हेतूची चिकित्सा करण्यास सवड नव्हती.

इंदुरात वैद्यकाची वानवा होती असे मात्र नव्हे. शहरालगतच्या रेसिडेन्सीत इंग्रज सर्जन होते, इस्पितळ होते, आणि १८७८ साली तेथे एक वैद्यकीय शाळाही सुरू झाली होती. पुढे किंग एडवर्ड मेडिकल स्कूल म्हणून नावाजलेली हीच शाळा. राजवाड्यापासून रेसिडेन्सी काही कोसांवर नव्हती; टांग्याने सहज जाता येई. परंतु गर्भारपण आणि बाळंतपण या दोन अवस्थांत घरची स्त्री परपुरुषासमोर आणणे ही गोष्ट त्या काळच्या ब्राह्मणवाड्यात, मुसलमान मोहल्ल्यात आणि बनियाच्या हवेलीत सारखीच अशक्य मानली जाई. गरिबाघरी पडदा एवढा कडक नसे, पण तेथे दुसरी भिंत होती. दिवसाची मजुरी बुडवून रेसिडेन्सीच्या फाटकातून आत जाण्याचे धैर्य कोणात होते? रुग्णालय जवळ होते आणि तरीही ते दूर होते. इंदूरच्या मातांच्या पुढील सव्वाशे वर्षांच्या इतिहासात हीच गोष्ट निरनिराळ्या रूपांनी पुनःपुन्हा समोर येते.

बाळंतपण घरी आणि सुईणीच्या हातून होई. सर्वांत आडबाजूची, काळोखी खोली बाळंतिणीला मिळे. दारे-खिडक्या बंद, कोपऱ्यात शेगडी धुमसत असलेली, अंगाखाली जुनेरे, कारण सुवेरात विटाळलेले कापड पुढे टाकूनच द्यावयाचे असे. नाळ कापावयाचे हत्यार घरात जे असेल ते. जुनेऱ्यातून आणि न धुतलेल्या हातांतून आईला सूतिकाज्वर होई, आणि कापलेल्या नाळेतून बालकाला धनुर्वात. व्हिएन्नाच्या सेमेलवाइसने १८४७ सालीच वैद्यांना हात धुण्यास लावून सूतिकाज्वराचे मृत्यू घटवून दाखविले होते. परंतु ते ज्ञान युरोपातील रुग्णालयांतसुद्धा सावकाश पोचले, मग माळव्यातील सुईणीला ते नव्हते म्हणून तिला दोष देणे न्याय्य ठरणार नाही. मध्यरात्री हाक मारली तरी ती येई, लुगडे-चोळी आणि पसाभर धान्यावर समाधान मानी, आणि पुढे दहा दिवस माय-लेकरांना न्हाऊ-माखू घाली. रुग्णालयांनी तिला अडाणी म्हणून बाजूला सारले, पण तिची ही कामे कोणी करावयाची याचा विचार फार थोड्यांनी केला.

डॉ. बीटी यांनी प्रारंभ केला तो बाहेरून येणाऱ्या रुग्ण स्त्रियांना औषध देण्यापासून आणि बोलावणे येईल त्या घरी जाण्यापासून. १८८६ साली पदवी घेतलेल्या डॉ. मॅरियन ऑलिव्हर लवकरच त्यांना येऊन मिळाल्या. होळकर सरकारने दिलेल्या जागेवर १८९१ साली स्त्रियांचे रुग्णालय उघडले. ज्या दरबाराने मिशनला विरोध केला, त्याच राजघराण्याने मिशनच्या रुग्णालयाला भूमी द्यावी, यात विसंगती शोधण्यापेक्षा व्यवहारी शहाणपण पाहणे अधिक योग्य. डॉ. बीटी यांची प्रकृती श्रमांनी ढासळली व त्यांना मायदेशी परतावे लागले, डॉ. ऑलिव्हर मात्र जवळजवळ पाव शतक काम करीत राहिल्या. येथे ध्यानात घेण्याजोगे हे की, इमारत उभी राहिली ती सहा-सात वर्षांच्या घरोघरच्या फेऱ्यांनंतर. खाटा शेवटी आल्या; ओळख आधी झाली.

याच सुमारास सरकारी प्रयत्नही सुरू झाले होते. लेडी डफरिन यांचा निधी १८८५ साली स्थापन झाला आणि देशातील अनेक शहरांत त्यातून जनाना रुग्णालये निघाली. लेडी कर्झन यांनी १९०३ साली सुईणींच्या शिक्षणासाठी वेगळा निधी उभारला. होळकर दरबाराने १९१८ साली बालविवाहास आळा घालणारा कायदा करून मुलीच्या विवाहाचे किमान वय बारा ठरविले. आज हे वय वाचून धक्का बसतो, पण बाराव्या वर्षाच्या आत लग्ने होत होती म्हणूनच हा कायदा करावा लागला. तो बव्हंशी कागदावरच राहिला. कोवळ्या वयातील बाळंतपणावर कोणत्याही रुग्णालयात रामबाण औषध नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंदूरचे रूपच पालटले. मालवा मिल, हुकुमचंद मिल आणि त्यांच्या मागोमाग इतर गिरण्या निघाल्या. खेड्यापाड्यांतून, राजपुतान्यातून, उत्तर हिंदुस्थानातून माणसे कामाला आली आणि गिरण्यांच्या आसपास परदेशीपुऱ्यासारख्या वस्त्या वाढल्या. नावावरूनच तेथे कोण राहावयास आले ते कळते. या वस्त्यांतील गर्भिणीपाशी खेड्यातली ओळखीची सुईण राहिली नाही, सासू-माय गावी राहिली, आणि शहरातले रुग्णालय तर परकेच. तिच्या हाताशी राहिली ती शेजारीण. त्यातच प्लेगने शहराला वारंवार गाठले.

या शहराकडे नव्या दृष्टीने पाहण्याचे काम स्कॉटलंडच्या पॅट्रिक गेडिस यांनी केले. दरबाराच्या निमंत्रणावरून आलेल्या या नगररचनाकाराने १९१७ च्या दिवाळीत शहरातून एक अपूर्व मिरवणूक काढली. ज्या रस्त्यांवरील लोक घरे आणि अंगणे अधिक स्वच्छ करतील त्या रस्त्याने ती जाईल, असे आधी जाहीर केले होते; मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर होता व शेवटी त्यांचे दहन झाले. दुसऱ्या वर्षी त्यांचा दोन खंडांचा अहवाल दरबारास सादर झाला. दाट वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यापेक्षा, थोडे काढून पुष्कळ राखावे, असे त्यांचे मत होते, आणि या पद्धतीला त्यांनी नाव दिले तेही शस्त्रवैद्यकातले. जिवंत अवयव वाचवून रोग तेवढा कापावयाचा! घर निरोगी झाल्यावाचून बाळंतिणीची खोली निरोगी होत नाही, हा धडा इंदूरला त्या अहवालातून घेता आला असता. मुंबईत परळच्या गिरणगावात १९२६ साली वाडिया प्रसूतिरुग्णालय व १९२९ साली मुलांचे रुग्णालय उभे राहिले. त्याच वर्षी कामगार स्त्रियांना प्रसूतिकाळी भत्ता देणारा कायदा मुंबई प्रांताने केला, ज्याच्या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळात जोरदार पाठिंबा दिला होता.

परंतु गरीब मातेच्या सेवेची पद्धत कशी असावी याचा सर्वांत बोलका प्रयोग झाला तो कलकत्त्यास. रामकृष्ण मिशनचे स्वामी दयानंद हे १९२६ पासून काही वर्षे अमेरिकेत वेदान्तप्रचाराच्या कार्यात होते. तेथील माता-बालक-संगोपनाचे काम त्यांनी बारकाईने पाहिले. परतल्यावर १९३२ साली भवानीपूर भागातील एका भाड्याच्या घरात त्यांनी ‘शिशुमंगल प्रतिष्ठान’ सुरू केले. संन्याशाने प्रसूतिगृह काढावे हे पुष्कळांना चमत्कारिक वाटले असेल. पण शिव मानून जीवाची सेवा करावयाची तर तो जीव जन्मास येण्याच्या क्षणापासूनच ती सुरू व्हावी, यात तर्काला सोडून काहीच नव्हते. प्रतिष्ठानने प्रसूतीची वाट न पाहता गर्भिणीपासून आरंभ केला. तिची वेळोवेळी तपासणी, बिकट नसलेले बाळंतपण शिकलेल्या सुईणीकडून तिच्या घरीच, बिकट असेल तर खाटेवर, आणि नंतर मूल शाळेच्या वयाचे होईपर्यंत त्याची देखरेख, अशी ही साखळी होती. १९३९ साली लॅन्सडाउन रोडवर प्रतिष्ठानची स्वतःची वास्तू झाली. १९५७ साली त्याचे सर्वसाधारण रुग्णालयात रूपांतर होऊन ते ‘सेवा प्रतिष्ठान’ झाले. येथेही क्रम तोच, आधी ओळख, मग खाटा. इंदुरात डॉ. बीटी यांनी जे गरजेपोटी केले, ते येथे विचारपूर्वक पद्धत म्हणून स्वीकारले गेले.

इंदूरला अशा पद्धतीची जोड मिळण्याचा एक योग पुढे आला, पण तो शहराच्या वेशीबाहेर राहिला. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्यास आगाखान महालातील बंदिवासात कस्तुरबा गांधींचे निधन झाले. गांधीजींना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास त्यांच्या स्मरणार्थ पंचाहत्तर लाखांचा निधी जमविण्याचे ठरले आणि प्रत्यक्षात कोटीहून अधिक जमले. हा पैसा खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठीच खर्च व्हावा असा गांधीजींचा आग्रह होता, आणि देशाची स्थिती पाहता तो योग्यच होता. या न्यासाचे मुख्य केंद्र कस्तुरबाग्राम येथे झाले, म्हणजे इंदूरपासून अगदी जवळ. तेथे ग्रामसेविका तयार होऊन खेडोपाडी जाऊ लागल्या. परदेशीपुऱ्यातील गिरणीकामगाराची बायको मात्र या योजनेत कोठे बसत नव्हती. ती शहरात राहत होती, आणि शहरात तर रुग्णालये होतीच.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली जुन्या वैद्यकीय शाळेच्या वारशावर महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्याशी संलग्न असे महाराजा यशवंतराव रुग्णालयाचे प्रचंड मंदिर पुढील दशकात उभे राहिले. १९४८ च्याच राज्य विमा कायद्याने कामगारांच्या कुटुंबांना औषधोपचाराचा व विमेदार स्त्रियांना प्रसूतिलाभाचा हक्क मिळाला, आणि नंदानगरच्या कामगारवस्तीजवळ विमा रुग्णालय आले. गरीब मातेच्या दृष्टीने इंदूरचा हा बरा काळ म्हणता येईल. पण त्याचा पाया गिरणीची नोकरी होता. १९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली; सुमारे सहा हजार कामगार रस्त्यावर आले. नोकरी गेली तसा विम्याचा हक्कही गेला. घरची गर्भिणी पुन्हा शेजारणीच्या हवाली झाली, आणि हे सारे वैद्यकीय महाविद्यालयाच्या शहरात घडले.

याचे प्रत्यंतर नव्या शतकाच्या पहिल्या दशकात मिळाले. इंदूरच्या झोपडवस्त्यांतील तान्ह्या मुलांच्या आयांची पाहणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक बाळंतपणे घरीच होत असल्याचे आढळले, आणि घरच्या बाळंतपणांत शिकलेली सुईण वा परिचारिका क्वचितच असे. पोटात कळा सुरू झाल्यावर वाहन कोठले, पैसे कोठले, आणि मोठ्या इमारतीत कोणत्या खिडकीपाशी जावयाचे, या प्रश्नांशी अनेकींची वाट अडत होती. शासनाचे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली आले आणि ‘आशा’ ही गावची आरोग्यसेविका खेड्यात फिरू लागली. रुग्णालयात बाळंत होणाऱ्या मातेला पैसे देणारी जननी सुरक्षा योजनाही त्याच वर्षीची. मध्य प्रदेशात ग्रामीण मातेला चौदाशे व शहरी मातेला हजार रुपये असे तिचे दर ठरले. शहरी अभियान निघाले ते २०१३ साली, आठ वर्षांनी. कस्तुरबा निधीच्या वेळी जे झाले तेच पुन्हा झाले. खेड्याला आधी न्याय मिळावा यात अन्याय काहीच नव्हता. शहरातील झोपडी रुग्णालयाच्या सावलीत आहे म्हणून तिची सोय झालेली आहे, हे गृहीतच तेवढे चुकीचे होते.

तथापि काही गोष्टी निश्चित सुधारल्या. ज्या धनुर्वाताने काळोख्या खोल्यांतील असंख्य अर्भके नेली, तो माता व नवजातांतून हटल्याची नोंद भारताने २०१५ साली केली. गर्भिणीला टोचावयाची स्वस्त लस, स्वच्छ पाते आणि शिकलेले हात यांचे हे यश आहे. होळकरांच्या नावाचे महाराजा तुकोजीराव रुग्णालय स्त्रियांचे रुग्णालय म्हणून शहरात ओळखले जाते. जुनी वास्तू जाऊन तेथे नवी बहुमजली इमारत आली, आणि २०२० च्या महामारीत ती मातांच्या आधी कोरोनाच्या रुग्णांसाठी वापरावी लागली.

वस्त्यांमध्ये त्याआधीच एक लहानसे काम सुरू झाले होते. स्त्रियांनी आपापल्या गल्लीत मंडळे केली, गर्भिणींची व तान्ह्या मुलांची नोंद ठेवण्यास आरंभ केला, आणि दरमहा थोडे थोडे पैसे साठवून अडीअडचणीचा एक सामाईक निधी केला. रात्री कळा सुरू झालेल्या बाईसाठी रिक्षाचे भाडे त्यातून निघते. बरोबर कोण जाणार, हे त्या मंडळातल्या बायका आधीच ठरवून ठेवतात.