क्लाउड-संगणनातील स्वयंचलित नियमन : एक ऐतिहासिक टिपण

यंत्राचा वेळ कोणास किती मिळावा, हा प्रश्न जुनाच आहे. १९६१ साली एम.आय.टी.मध्ये कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविलेल्या कालविभाजन-प्रणालीत ही वाटणी यंत्रातील नियमच करीत असे. तेथे यंत्र एकच होते. नियम तुटवड्यातून जन्मला. २००६ साली ॲमेझॉनने आभासी यंत्रे भाड्याने देऊ केली, तेव्हा तुटवड्याची जागा खर्चाने घेतली. कारण विसरलेल्या यंत्राचेही भाडे चढतच राहते. २००९ मध्ये मागणीनुसार यंत्रे आपोआप वाढविण्याची व घटविण्याची सोय झाली. २०१६ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकन बँकेने ‘क्लाउड कस्टोडियन’ सर्वांस खुले केले. त्यात बेवारस साधने हुडकून बंद करण्याचे नियम लिहून ठेवता येतात. मात्र बेवारस कशास म्हणावे, हे यंत्र ठरवीत नाही. सारांश, निर्णयाची जबाबदारी नाहीशी झालेली नसून ती नियम लिहिणाऱ्याकडे गेली आहे, असेच म्हणावे लागते.