परतीच्या पत्त्यांचा माग
प्रोग्राम मध्येच कोसळल्यावर कोणत्या फंक्शनने कोणाला कॉल केले आणि कितव्या ओळीवर गाडे अडले याची जी उतरंड पडद्यावर छापली जाते तिला स्टॅक ट्रेस म्हणतात. मात्र ती ज्या नोंदींवरून उभी राहते त्या चूक शोधण्यासाठी मुळात ठेवलेल्याच नव्हत्या. केंब्रिजच्या एडसॅक (१९४९) या संगणकावर डेव्हिड व्हीलर यांनी सबरूटीनची, म्हणजे अनेक ठिकाणांहून वापरता येणाऱ्या आज्ञासमूहाची, पद्धत बसवली तेव्हा काम संपल्यावर कुठे परतायचे एवढाच पत्ता नोंदवला जाई. असे पत्ते एकावर एक रचणारा स्टॅक पुढे १९६० च्या सुमारास रुळला. दोष हुडकण्यासाठी स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये सुचवलेला मार्ग निराळाच होता : प्रत्येक आज्ञा अमलात येताना ती दर्शवणारे अक्षर छापत जायचे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकाची स्मृती अवघ्या २०४८ शब्दांची होती, त्यामुळे तेथे फंक्शनची नावे आणि ओळींचे क्रमांक जपण्याची चैन परवडणारी नव्हती. स्मृती स्वस्त झाल्यावरच पत्त्याची नावाशी सांगड घालणारा तक्ता कंपायलर प्रोग्रामसोबत ठेवू लागले, आणि आकड्यांच्या भेंडोळ्यांऐवजी वाचता येईल अशी यादी मिळू लागली.

यादी कोणत्या टोकाकडून छापावी हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक, पण वाचणाऱ्याच्या दृष्टीने निर्णायक आहे. जावा सर्वांत अलीकडचा कॉल आरंभी देते आणि २००२ पासून एका चुकीमागची मूळ चूकही त्याखाली जोडते. पायथन तो शेवटी देते, कारण सरकत जाणाऱ्या पडद्यावर अखेरची ओळच डोळ्यांसमोर उरते. या बाबतीत पायथनचा निर्णय अधिक समंजस म्हणावा लागेल. २०२२ च्या ३.११ या आवृत्तीपासून ती भाषा ओळीतला नेमका दोषी भागही खुणेने अधोरेखित करते.

तरीही ट्रेस सांगतो ते नियंत्रण कुठे परतणार आहे हे. ते कुठून आले हे त्यातून दर वेळी कळतेच असे नाही. फंक्शनचे शेवटचे काम दुसऱ्याला कॉल करणे एवढेच असेल, तर स्कीमसारख्या भाषा मधला पत्ता जपत नाहीत, आणि ती ओळ ट्रेसमध्ये उमटतच नाही. पायथनमध्ये ही काटकसर आणावी अशी मागणी झाली तेव्हा भाषेचे जनक गुइडो व्हान रॉसम यांनी २००९ मध्ये ती नाकारली, आणि त्यासाठी दिलेल्या कारणांत ट्रेसची होणारी मोडतोड हे एक होते.