मासा पाठलाग का करतो?

वर्गात किंवा घरी माशांची काचेची टाकी ठेवणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. कालपर्यंत थव्याने गुण्यागोविंदाने फिरणाऱ्या माशांपैकी एखादा अचानक दुसऱ्याच्या मागे लागतो. मुले विचारतात, "सर, तो त्याला का पळवतोय?" आपण बहुधा "तो भांडकुदळ आहे" असे सांगून मोकळे होतो. पण याच प्रश्नाचा नेटाने पाठपुरावा झाला, आणि प्राण्यांच्या वर्तनाचा शास्त्रशुद्ध अभ्यास उभा राहण्यास त्याचा मोठा हातभार लागला. तो इतिहास आज आपण पाहू.

निको टिनबर्गेन यांचा जन्म १९०७ साली हॉलंडमधील हेग येथे झाला. त्यांच्या घराच्या परसात दोन लहान टाक्या होत्या. दर वसंतात स्टिकलबॅक मासे घरटे बांधताना पाहण्यात हा मुलगा रमून जाई. शाळेच्या वर्गात समुद्राच्या पाण्याच्या तीन टाक्या होत्या. त्यांची देखभाल निसर्गविज्ञानाचे शिक्षक डॉ. स्खीरबेक यांनी काही विद्यार्थ्यांवर सोपवली. इतकेच नव्हे, तर सकाळच्या सुटीत निकोला तेथे निवांत बसता यावे म्हणून त्यांनी मुख्याध्यापकांची परवानगीही मिळवली. एका शिक्षकाने दिलेली ही मोकळीक पुढे किती फळाला आली ते आता कळेलच.

स्टिकलबॅक हा बोटभर लांबीचा, पाठीवर तीन काटे असलेला मासा. आपल्याकडे तो आढळत नाही. हिवाळ्यात हे मासे थव्याने राहतात. वसंत आला की नर थव्यातून बाहेर पडतो, उथळ पाण्यात स्वतःची जागा धरतो आणि त्याचा गळा व पोट लालभडक होते. पाणवनस्पतींचे तुकडे आपल्या मूत्रपिंडातून येणाऱ्या चिकट द्रवाने सांधून तो घरटे बांधतो. मग त्या हद्दीत शिरणाऱ्या दुसऱ्या नराला तो पिटाळून लावतो. म्हणजे थव्यात राहणारा आणि पाठलाग करणारा मासा एकच. बदलतो तो ऋतू आणि माशाची शारीरिक अवस्था.

टिनबर्गेन पुढे लायडेन विद्यापीठात शिकवू लागले. तेथे विद्यार्थ्यांसह त्यांनी एक सुटसुटीत प्रयोग केला. एका टाकीत दोन नरांनी आपापल्या हद्दी आखल्या होत्या. दोघांना एकेका काचेच्या नळीत घालून दोन्ही नळ्या पहिल्याच्या हद्दीत नेल्या. पहिला चाल करून जाऊ लागला, दुसरा पळण्याची धडपड करू लागला. त्याच नळ्या दुसऱ्याच्या हद्दीत नेताच बाजू उलटली! मासे तेच, फक्त जागा बदललेली. तेव्हा "भांडकुदळ" हा माशाचा कायमचा स्वभाव म्हणता येईल का?

हल्ला कशामुळे सुरू होतो, हा पुढचा प्रश्न. तेर पेल्कवाइक या विद्यार्थ्याबरोबर टिनबर्गेन यांनी १९३७ साली याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. माशाच्या हुबेहूब पण लाल रंग नसलेल्या प्रतिकृतीपेक्षा, ओबडधोबड पण खालून लाल असलेल्या तुकड्यावर नर अधिक हल्ले करतात, असे त्यांना दिसले. एकदा खिडकीबाहेर सुमारे शंभर यार्डांवरून लाल टपालगाडी गेली, तेव्हा टाक्यांतील नर त्या बाजूच्या काचेकडे धावले, असेही त्यांनी नोंदवले. ही हकीकत पुढे अनेक पाठ्यपुस्तकांत गेली.

पण गोष्ट येथे संपत नाही. १९८५ साली रोलँड आणि सेव्हेन्स्टर यांनी हे प्रयोग पुन्हा करून पाहिले. लाल प्रतिकृतीवर इतरांपेक्षा जास्त हल्ले होतातच, असे त्यांना आढळले नाही. लाल रंगाला अर्थ आहे, पण तो "लाल दिसले की हल्ला" इतका सरळ नाही. टिनबर्गेन यांना १९७३ साली कार्ल फॉन फ्रिश आणि कॉनराड लोरेन्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले होते. तरीही त्यांचा प्रयोग फेरतपासणीतून सुटला नाही, आणि विज्ञानात तेच योग्य आहे.

टिकून राहिली ती त्यांची प्रश्न विचारण्याची रीत. १९६३ साली त्यांनी दाखवून दिले की वर्तनाबद्दलच्या एका "का?" मध्ये चार प्रश्न दडलेले असतात. हे वर्तन आत्ता कशाने सुरू झाले? जन्मापासून त्या प्राण्यात ते कसे घडत गेले? जगण्यासाठी व प्रजननासाठी त्याचा उपयोग काय? आणि उत्क्रांतीच्या ओघात ते कसे आले? "भांडकुदळ आहे" हे उत्तर यांपैकी एकाही प्रश्नाला पुरत नाही.

आपल्या वर्गात हे सहज करता येईल. झेब्रा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. आठ-दहा झेब्रा मासे टाकीत ठेवा. रोज ठरावीक दहा मिनिटे मुलांना नोंद करू द्या: किती पाठलाग झाले, टाकीच्या कोणत्या भागात, खाणे टाकण्यापूर्वी की नंतर? मग एका वेळी एकच गोष्ट बदला. उदाहरणार्थ, पाणवनस्पती लावा आणि पुन्हा मोजा.

उत्तर सांगण्याची घाई मात्र आपण करू नये. सकाळच्या सुटीत टाकीपाशी बसण्याची परवानगी तेवढी द्यावी.