जिब्राल्टरची वाट : परदेशस्थ मोरोक्कन कुटुंबांच्या उन्हाळी जलप्रवासाचा इतिहास

प्रस्तावना :

युरोप व आफ्रिका या दोन खंडांना विभागणारी जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी अवघी १४ किलोमीटर रुंद आहे. स्पेनमधील तारिफा येथून स्वच्छ हवेत मोरोक्कोचे डोंगर नुसत्या डोळ्यांनी दिसतात. दरवर्षी जून ते सप्टेंबर या काळात फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, इटली आणि स्पेन या देशांत स्थायिक झालेली मोरोक्कन कुटुंबे आपापल्या मोटारींसह फेरीबोटीने हे पाणी ओलांडून मायदेशी जातात आणि उन्हाळा सरता सरता परततात. २०१९ च्या उन्हाळ्यात स्पेनच्या बंदरांतून जाणारे व येणारे मिळून ३३ लाखांहून अधिक प्रवासी आणि साडेसात लाखांवर वाहने यांची नोंद झाली.

स्थलांतराचा इतिहास बहुधा ‘जाण्या’चा इतिहास म्हणून लिहिला जातो. दरवर्षीचे परतणे ही सुट्टीतील सहल समजून बाजूला ठेवले जाते. हे योग्य नव्हे. कोणत्या तारखेस निघावे, कोणते बंदर गाठावे, तिकीट कोणते काढावे हे प्रश्न वरकरणी घरगुती वाटतात. परंतु त्यांची उत्तरे गेल्या साठ वर्षांत शासनांच्या करारांनी आणि तंट्यांनी ठरविली आहेत. प्रस्तुत लेखात या घरगुती नियोजनामागील इतिहासाचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

मजूरभरतीचे करार :

१९५६ मध्ये स्वतंत्र झालेल्या मोरोक्कोने १९६३ मध्ये पश्चिम जर्मनी व फ्रान्सशी, १९६४ मध्ये बेल्जियमशी आणि १९६९ मध्ये नेदरलँड्सशी मजूरभरतीचे करार केले. युरोपातील खाणी व कारखान्यांना माणसे हवी होती आणि मोरोक्कोला परकीय चलन हवे होते. दक्षिणेकडील सूस प्रदेशात फ्रेंच कोळसाखाणींसाठी भरती करणारे फेलिक्स मोरा हे उमेदवारांच्या छातीवर शिक्का मारीत असत. हिरवा शिक्का म्हणजे निवड, तांबडा म्हणजे नकार.

उत्तरेकडील रिफ या डोंगराळ प्रदेशाची कथा वेगळी आहे. तेथील मजुरांची जुनी वाट पूर्वेकडे, फ्रेंच अल्जीरियातील मळ्यांकडे जात असे. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला, फ्रेंच मळेवाले निघून गेले आणि १९६३ मध्ये दोन्ही शेजारी राष्ट्रांत सीमेवरून युद्ध जुंपले. ती वाट बंद होताच रिफमधील तरुण नेदरलँड्स, बेल्जियम व जर्मनीकडे वळले. आजही बंदराची निवड या जुन्या विभागणीवर अवलंबून आहे. रिफची कुटुंबे स्पेनच्या अल्मेरिया बंदरातून नादोरला किंवा स्पेनच्या ताब्यातील मेलियाला उतरणे पसंत करतात, तर सूसकडे जाणारी कुटुंबे अल्हेसिरासहून टँजिअरच्या बाजूस उतरतात आणि पुढे अगादीरपर्यंत सुमारे ८०० किलोमीटरांची मजल मारतात.

भरतीबंदीचा अनपेक्षित परिणाम :

१९७३ च्या तेलसंकटाच्या सुमारास पश्चिम युरोपातील देशांनी एकामागून एक भरती बंद केली. जर्मनीने १९७३ मध्ये, फ्रान्स व बेल्जियमने १९७४ मध्ये. मजूर आता परत जातील अशी अपेक्षा होती. घडले उलटेच. एकदा मायदेशी गेल्यास पुन्हा प्रवेश मिळेल याची खात्री न उरल्याने एकेकटे राहणारे पुरुष तेथेच थांबले आणि कुटुंब एकत्रीकरणाच्या तरतुदींचा आधार घेऊन त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले. खोलीतला मजूर गृहस्थ झाला. एकट्या माणसाला आगगाडीने जाता येत होते. सहा-सात जणांच्या कुटुंबाला भेटवस्तूंसह जायचे तर स्वतःची मोटार आवश्यक ठरली. टपावर ताडपत्रीखाली गाद्या, सायकली, कपड्यांची गाठोडी बांधलेली मोठी गाडी हे त्या पिढीच्या प्रवासाचे चिन्ह होय. भरतीबंदीने स्थलांतर थांबले नाही. तिने वार्षिक परतप्रवास मात्र जन्माला घातला.

प्रवासाची आखणी :

ब्रसेल्सहून अल्हेसिरासचे अंतर दोन हजार किलोमीटरांहून अधिक आहे. सामुद्रधुनीवरील फेरी जेमतेम दीड तासाची. तिच्याआधी दोन-तीन दिवसांचा रस्ता. त्यामुळे आखणीचा पहिला हिशेब रजेचा असतो. फ्रान्समध्ये कारखाने ऑगस्टमध्ये बंद ठेवण्याची रूढी असल्याने जुलैचा शेवट व ऑगस्टचा आरंभ या दिवसांत सर्वाधिक गर्दी उसळते आणि ऑगस्टअखेरीस शाळा उघडण्यापूर्वी तीच गर्दी उलट दिशेने येते. दुसरा हिशेब चांद्र पंचांगाचा. इस्लामी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने सण दरवर्षी मागे सरकतात. २०११ ते २०१४ या वर्षांत रमजान महिना ऐन उन्हाळ्यात आला, तेव्हा निघण्याच्या तारखा त्याभोवती फिरल्या. २०१८ व २०१९ मध्ये बकरी ईद ऑगस्टात आल्याने सणापूर्वी घरी पोहोचण्याची घाई झाली. तिसरा हिशेब लग्नांचा. परदेशस्थ नातेवाईक येतील तेव्हाच लग्न लावायचे या प्रथेमुळे ऑगस्ट हा लगीनसराईचा महिना बनला आहे.

मार्गाची निवड ही वेळ, पैसा आणि चालकाची उमेद यांतील तडजोड असते. फ्रान्समधील सेत किंवा इटलीतील जेनोवा येथून थेट बोट घेतली तर स्पेनचा रस्ता वाचतो. पण तिकीट महाग पडते आणि समुद्रावर रात्री काढाव्या लागतात. तारिफाहून टँजिअर शहर तासाभरात गाठता येते. परंतु ‘लेवांते’ हा पूर्वेचा वारा जोराने सुटला की तेथील द्रुतगती बोटी बंद राहतात. अल्हेसिरास मार्गावर गर्दीच्या काळात एका कंपनीचे तिकीट दुसऱ्या कंपनीच्या बोटीवर चालावे अशी सोय केली जाते. ही सोय लहान दिसते, पण भर उन्हात मुलांसह रांगेत उभ्या असलेल्या कुटुंबाला तिचे मोल विचारावे! कागदपत्रांत पासपोर्टांच्या जोडीला गाडीचा विमा तसेच मोरोक्कन कस्टमचा तात्पुरत्या आयातीचा परवाना लागतो. परदेशी नोंदणीची गाडी वर्षातून सहा महिनेच देशात ठेवता येते.

शासनाचा सहभाग :

अल्हेसिरास येथे तुंबणाऱ्या गर्दीमुळे स्पेनने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘सामुद्रधुनी पारगमन मोहीम’ सुरू केली. महामार्गांवर विश्रांतिस्थाने, वैद्यकीय पथके, दुभाषे व प्रशस्त वाहनतळ हे तिचे भाग होत. १९९१ मध्ये स्पेनने मोरोक्कन नागरिकांवर व्हिसाचे बंधन घातले. निवासपरवाना असलेल्यांची ये-जा चालू राहिली. पण मायदेशातील भाऊ-बहीण, काका-मामा यांना उलट दिशेने भेटीस येणे अवघड झाले. भेटीचा सारा भार मग त्या एका उन्हाळ्यावर पडला.

मोरोक्कोचे शासन प्रारंभी आपल्या या नागरिकांकडे मुख्यतः पैसा पाठविणारे म्हणून पाहत होते. १९९० मध्ये परदेशस्थ मोरोक्कनांसाठी हसन दुसरा प्रतिष्ठान स्थापन झाले. १९९९ मध्ये निघालेल्या मोहम्मद पाचवा ऐक्य प्रतिष्ठानाने २००० पासून ‘मरहबा’, म्हणजे ‘सुस्वागतम्’, ही मोहीम हाती घेतली. २००३ पासून १० ऑगस्ट हा स्थलांतरितांचा राष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. तारीख अर्थातच जेव्हा पाहुणे घरी असतात तेव्हाची निवडली गेली. २०१० मध्ये मोटारींची मुख्य वाहतूक टँजिअर शहरातील जुन्या धक्क्यावरून टँजिअर-मेद या नव्या बंदरात गेली.

बंद वाट : २०२० ते २०२२

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे सीमा बंद झाल्या आणि त्या वर्षीची पारगमन मोहीम रद्द करावी लागली. २०२१ चे कारण मात्र केवळ आरोग्याचे नव्हते. पश्चिम सहाराच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पोलिसारिओ संघटनेचे नेते ब्राहिम गाली यांना एप्रिल २०२१ मध्ये स्पेनने उपचारार्थ दाखल करून घेतल्याने उभय देशांत बेबनाव झाला. त्या उन्हाळ्यात मोरोक्कोने मरहबा मोहिमेतून स्पेनची बंदरे वगळली आणि फ्रान्स व इटलीतील बंदरांवरून वाहतूक ठेवली. तिकिटांचे दर भडकल्यावर राजे मोहम्मद सहावे यांनी ते आवाक्यात आणण्याचे आदेश दिले. स्पेनमध्येच राहणाऱ्या मोरोक्कनांची अवस्था सर्वांत विचित्र होती. अंदालुसियाच्या किनाऱ्यावरून ज्यांना मायदेशाचे डोंगर दिसत होते, त्यांना मोटारीने समुद्रमार्गे घर गाठण्यासाठी आधी हजार किलोमीटरांहून अधिक अंतर उत्तरेकडे जाऊन सेतची बोट धरावी लागत होती.

मार्च २०२२ मध्ये स्पेनने पश्चिम सहाराविषयीच्या मोरोक्कोच्या स्वायत्तता योजनेला पाठिंबा दिला, ७ एप्रिलला स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ रबातला जाऊन राजांना भेटले आणि त्याच महिन्यात फेरीबोटी पुन्हा सुरू झाल्या. सेउता व मेलिया येथील भूसीमा १७ मे रोजी उघडल्या. दोन वर्षे थांबलेल्या भेटी, लांबणीवर पडलेली लग्ने आणि राहून गेलेले कबरींचे दर्शन यांचा ओघ त्या उन्हाळ्यात बंदरांवर लोटला.

दरम्यान पहिल्या पिढीचे मजूर वृद्ध झाले आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना वर्षातील बराच काळ गावी काढावयाचा असतो. फ्रान्समधील अल्प उत्पन्न असलेल्या वृद्धांचा किमान भत्ता टिकविण्यासाठी पूर्वी वर्षातील सहा महिने त्या देशात राहणे आवश्यक होते. १ सप्टेंबर २०२३ पासून ही मुदत नऊ महिन्यांची झाली. साठ वर्षांपूर्वी छातीवर हिरवा शिक्का घेऊन निघालेल्या माणसाच्या वाट्याला आता गावाकडचे तीन महिने उरतात, आणि परतीच्या बोटीची तारीख त्याला घरातून निघण्यापूर्वीच मोजून ठरवावी लागते.