छायाचित्रकाराचे ओझे

हुबळी-धारवाडहून लकुंडी, हानगल किंवा बदामीकडे निघालेल्या मंडळींत हल्ली एखाद्याच्या पाठीवर कॅमेऱ्याची सॅक हमखास दिसते. ती सॅक कशी निवडावी हा प्रश्न दुकानदाराला विचारण्याजोगा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचाही प्रश्न आहे, आणि त्याची पाळेमुळे आपल्याच मुलखात सापडतात.

1855 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या इच्छेनुसार पश्चिम हिंदुस्थानातील जुन्या वास्तूंची छायाचित्रे घेण्याचे काम मुंबई सरकारने तोफखान्यातील कॅप्टन थॉमस बिग्ज याच्याकडे सोपविले. विजापूर, बदामी, ऐहोळे अशी ठाणी त्याने घेतली. पुढे लष्कराने त्याला परत बोलाविले आणि ते काम वैद्यक खात्यातील डॉ. विल्यम हेन्री पिगू याच्या हाती आले. गदग, लकुंडी, डंबळ, हावेरी, हानगल येथील देवळांसमोर पिगूने कॅमेरा उभा केला. ही सारी गावे तेव्हा आणि त्यानंतरही 1997 पर्यंत धारवाड जिल्ह्यातच होती. पिगू 1858 मध्ये वारला. धारवाड आणि म्हैसूरकडील वास्तुशिल्पावरचा भव्य ग्रंथ लंडनमध्ये 1866 साली प्रसिद्ध झाला, तो पाहण्यास तो राहिला नव्हता.

आता त्या कामातील ओझ्याचा विचार करा. त्या काळी चित्र लहानाचे मोठे करण्याची सोय व्यवहारात जवळजवळ नव्हती. ज्या आकाराचे चित्र हवे, त्याच आकाराचा कागद किंवा काच कॅमेऱ्यात घालावी लागे. म्हणून कॅमेराही तेवढाच प्रचंड, आणि त्याला पेलणारी तिवई लाकडाची. जोडीला रौप्यक्षारांच्या बाटल्या, तबके, धुण्यासाठी स्वच्छ पाणी आणि अंधाराची जागा. धारवाडला रेल्वे आली ती 1880 च्या दशकात. म्हणजे त्यापूर्वी हे सारे बिऱ्हाड हलवायचे तर बैलगाडी, तट्टू आणि माणसाचा खांदा हीच साधने. उपर्युक्त ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावर पिगू, नील आणि बिग्ज या तिघा छायाचित्रकारांची नावे आहेत, इतिहास लिहिणाऱ्या कर्नल मेडोज टेलरचे आहे, वास्तुशास्त्रीय टिपणे देणाऱ्या जेम्स फर्ग्युसनचेही आहे. पेट्या वाहणाऱ्या एकाचेही नाही. ग्रंथ लिहिणारांची ही रीतच असे, असे कोणी म्हणेल. तरीही डंबळच्या देवळाचे ते सुंदर चित्र पाहताना मला पहिला विचार येतो तो काचेची किंवा औषधांची पेटी न आपटता तिथवर आणणाऱ्या हाताचा.

हिमालयात हा प्रकार आणखी उघडा पडला. सॅम्युएल बोर्न 1863 मध्ये सिमल्याहून पर्वतात शिरला तेव्हा त्याच्याबरोबर सुमारे 30 हमाल होते. त्याची पद्धत ओल्या काचेची. काचेवर कलोडियनचा लेप द्यायचा, तो ओला असेतोवर चित्र घ्यायचे आणि लगेच धुवायचे. अर्थात अंधारकोठडीचा तंबू सदैव सोबत. 1866 मध्ये हेच सामान घेऊन त्याने 5,600 मीटरांहून उंच अशा मणिरंग खिंडीत चित्रे काढली. हमाल सोडून पळतात, अशी त्याची लेखी तक्रार आहे. त्या थंडीत, त्या ओझ्याखाली माणसे पळाली याचे नवल वाटावे, की इतकी टिकून राहिली याचे?

ओझे हलके होत गेले ते रसायनशास्त्रामुळे. 1871 मध्ये मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची युक्ती मांडली आणि कालांतराने तंबू गेला. 1888 च्या कोडक कॅमेऱ्यात गुंडाळीची फिल्म आली आणि काचही गेली. पुढचे पाऊल जर्मनीतील ऑस्कर बार्नाक या यंत्रज्ञाचे. त्याला दम्याचा विकार होता आणि डोंगरात हिंडण्याचा नादही होता. काचांचा जड कॅमेरा त्याला झेपेना, म्हणून चित्रपटाच्या अरुंद फिल्मवर चालणारा लहानसा कॅमेरा त्याने बनविला. तोच 1925 मध्ये लायका या नावाने बाजारात आला. हमाल ठेवण्याची ऐपत किंवा इच्छा नसलेल्या माणसाने स्वतःच्या छातीला सोसेल असे यंत्र घडविले, ही गोष्ट मला या इतिहासातील सर्वांत शहाणपणाची वाटते.

यंत्र लहान झाले. ओझे मात्र छायाचित्रकाराच्या अंगावर आले, आणि तेथून पिशवीचा प्रश्न सुरू होतो. आधी चामड्याच्या पेट्या आल्या, पुढे 1970 च्या दशकात जिम डॉम्की या अमेरिकन वृत्तछायाचित्रकाराने कॅनव्हासची मऊ खांदापिशवी केली. ती झटकन उघडते खरी, पण सारा भार एकाच खांद्यावर. आपल्याकडची पडशी यापेक्षा न्यायी म्हणायची. ती निम्मे ओझे पुढे आणि निम्मे मागे टाकते. गिर्यारोहकांनी याचा अधिक विचार केला होता. नॉर्वेच्या ओले बर्गनने 1909 मध्ये सांगाड्याच्या पाठपिशवीचे पेटंट घेतले, आणि अमेरिकेत डिक केल्टीने 1952 पासून कमरेचा मऊ पट्टा रूढ केला. या पट्ट्याने भार खांद्यावरून ढुंगणाच्या हाडावर उतरतो, आणि ते हाड तर भार पेलण्यासाठीच आहे. कॅमेऱ्याच्या आजच्या सॅका या गिर्यारोहकांच्याच वंशातल्या.

तेव्हा सॅक घेताना कप्पे मोजण्याआधी कमरेचा पट्टा पाहावा. तो नुसता फितीसारखा असेल तर तो शोभेचा. मग रिकाम्या सॅकचे वजन विचारावे. शाळेत शिकविणाऱ्याला हे गणित पाठ असते, कारण केंद्र शासनाच्या 2020 च्या धोरणात मुलाच्या दप्तराचे वजन त्याच्या वजनाच्या दशांशाहून अधिक नसावे असे म्हटले आहे. मोठ्यांना तो नियम नाही, पण मापदंड म्हणून वाईट नाही. 60 किलोच्या माणसाने 6 किलो वाहावे. कॅमेरा 700 ग्रॅम, दोन भिंगे दीड किलो, तिवई दीड किलो, पाणी एक किलो, बाकी किरकोळ अर्धा किलो; 5 किलो 200 ग्रॅम इथेच झाले. गाद्यागिरद्यांनी भरलेली सॅक स्वतःच 2 किलोंची असेल तर मर्यादा ओलांडली. विमानाने जाणाऱ्यांना तर हातातल्या सामानाची 7 किलोंची मर्यादा पुष्कळदा आडवी येते, आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या मोठ्या सामानात टाकता येत नाहीत. त्या जवळच बाळगाव्या लागतात.

जड भिंग पाठीच्या कण्यालगत ठेवावे. बाहेरच्या कप्प्यात ठेवले तर ते माणसाला मागे ओढते. जिचे तोंड पाठीच्या बाजूने उघडते अशी सॅक बसच्या गर्दीत बरी, कारण मागच्या माणसाला तिला हात घालता येत नाही. आपल्या भागात पावसाळ्यात वरून घालण्याचे आच्छादन हवेच. शिवाय भिजलेली सॅक कॅमेऱ्यासकट कपाटात कोंडू नये. भिंगावर बुरशी धरते, आणि ती काढणे नव्या भिंगाइतकेच महाग पडू शकते. सिलिका जेलच्या पुड्या आत असाव्यात. गदगकडच्या काळ्या मातीची उन्हाळ्यातली धूळही कमी नव्हे. ती चेनच्या दातांत बसते.

दुकानात सॅक रिकामी चढवून आरशात पाहणे व्यर्थ. आपले सगळे सामान नेऊन तीत भरावे, दुकानातच दहा मिनिटे हिंडावे, आणि विकत घेतल्यावर हुबळीतल्या नृपतुंग बेट्टाची एक चढण तिच्यासह करावी. उतरून आल्यावर ज्या वस्तू एकदाही बाहेर निघाल्या नाहीत, त्या लकुंडीला जाताना घरीच ठेवाव्यात.