शुद्धीकरण केंद्रातला ऑपरेटर : मागणी आणि मोल

जलशुद्धीकरण केंद्र असो की सांडपाणी प्रक्रिया केंद्र, तिथल्या ऑपरेटरच्या नोकरीचा विचार करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. जागा निघतील का, हा पहिला. त्या पगारावर संसार उभा राहील का, हा दुसरा. आपल्याकडे चर्चा बहुधा पहिल्यावरच संपते.

आधी मागणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघत होते. प्रक्रियेची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरची आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. केंद्रे अपुरी आहेतच, पण जी आहेत तीही पुरती चालत नाहीत. कुठे गटारांचे जाळे केंद्रापर्यंत पोचलेले नसते, कुठे विजेचे बिल झेपत नाही, तर कुठे यंत्रे असूनही ती चालवणारा जाणता माणूस नसतो. नवी बांधकामेही थांबलेली नाहीत. मुंबईत वरळीपासून वर्सोव्यापर्यंत सात केंद्रे मिळून २,४६४ दशलक्ष लिटरची क्षमता उभारण्याचे काम हाती घेतले आहे. वीस हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या बांधकामांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते, आणि तिच्या अटींत स्वतःचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र सहसा असतेच. त्यामुळे गृहसंकुलांच्या तळघरांतही हे काम आले.

केंद्र चोवीस तास चालते. आठवड्याच्या एकवीस पाळ्या. एक माणूस सहा करतो. म्हणजे एका जागेला साडेतीन माणसे, रजा-आजारपण धरले तर चार. जिथे दोघांवर भागवले जाते तिथे रात्रपाळीत एक तर कोणी नसते, किंवा असतो तो सोळा तास जागा असतो.

आता कामाचे स्वरूप. पहिल्या पावसात नदी लाल होते. ऑपरेटर सहा चंचुपात्रांत तेच पाणी घेतो, प्रत्येकात तुरटीचे प्रमाण वेगळे, आधी जोरात ढवळतो, मग हळू, मग थांबतो. कोणत्या पात्रातले पुंजके वजनदार होऊन तळाशी बसतात, त्यावर त्या दिवसाचा डोस ठरतो. चुकला तर फिल्टर लवकर तुंबतात आणि गढूळपणा पुढे जातो. क्लोरीनही असे द्यायचे की शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरले पाहिजे. गळतीची शंका आली की अमोनियात भिजवलेला बोळा सांध्याजवळ धरतात. पांढरा धूर दिसला की गळती तिथेच. सांडपाण्याच्या केंद्रात तर जिवंत जिवाणू सांभाळायचे असतात. वायुवीजन टाकीतले पाणी लिटरभर नळकांड्यात अर्धा तास ठेवले की गाळ किती बसला हे दिसते, आणि वास व रंग बाकीचे सांगतात. हे कौशल्याचे काम आहे, यात मला तिळमात्र शंका नाही.

स्वयंचलित यंत्रणांनी या जागा जातील का? अमेरिकेत तिथले कामगार खाते अशी घट वर्तवत आले आहे, तरी निवृत्त होणाऱ्यांच्या जागी भरती चालूच राहते. आपल्याकडे मुळातच माणसे कमी, म्हणून तो धोका दूरचा. शिवाय सेन्सरवर शेवाळ आणि गाळ बसतोच. तो पुसणारा आणि पडद्यावरचा आकडा खोटा आहे हे ओळखणारा माणूस लागतोच.

खरी अडचण मोलाची आहे. अमेरिकेत ऑपरेटरला राज्याचा परवाना लागतो आणि परवान्याच्या पायऱ्यांबरोबर तो वर चढतो. आपल्याकडे आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन, फिटर किंवा केमिकल प्लँटचा अटेंडंट ऑपरेटर होऊन पोरगा या कामावर येतो, पण पुढची पायरी कोणी बांधलेली नाही. केंद्र चालवण्याचे काम ठेक्याने जाते. ठेका बदलला की जुनाच माणूस नव्या ठेकेदाराकडे पुन्हा किमान वेतनावर उभा राहतो. निविदेत पंपांची अश्वशक्ती असते तशी परीक्षा दिलेल्या ऑपरेटरांची संख्या, श्रेणी आणि श्रेणीनुसार वेतन का नसावे? आज मात्र दहा पावसाळ्यांत शिकलेला तुरटीचा अंदाज त्याच्या दाखल्यावर कुठेच नसतो. दुसरीकडे दोन हजार जास्त मिळाले की तो जातो, आणि पुढच्या जूनमध्ये त्या सहा पात्रांसमोर नवा मुलगा उभा असतो.