वाटाड्याचा नकार

वाटाड्या हा आपल्या भाषेतला फार जुना शब्द. घाटातून, रानातून, अनोळखी मुलखातून नेणारा माणूस. उर्दूत त्याला रहबर म्हणतात आणि शायरांनी या रहबराला भरपूर टोमणेही मारले आहेत, कारण तोच कधी वाट चुकवतो, कधी लुटारूंना सामील होतो. मला सांगायचे आहे ते मात्र आपल्या सह्याद्रीतल्या वाटाड्यांविषयी नाही. फ्रान्समध्ये आल्प्स पर्वतात माँ ब्लाँ शिखराच्या पायथ्याशी शामोनी नावाचे गाव आहे. तिथल्या वाटाड्यांची ही गोष्ट. त्यांची वाट मातीवरून कमी आणि हिमनदीवरून जास्त जाते.

हिमनदी म्हणजे थंडीने गोठलेली नदी नव्हे. डोंगरावर वर्षानुवर्षे साचलेले हिम आपल्याच वजनाने दाबले जाते, त्याचा घट्ट बर्फ होतो आणि तो उतारावरून अगदी सावकाश खाली सरकत राहतो. खालचा खडक उंचसखल असला की वरचा बर्फ फाटतो, त्याला खोल भेगा पडतात. मग नवे हिम पडते आणि भेगेच्या तोंडावर पूल धरते. वरून पाहावे तर सगळे सपाट, पांढरेशुभ्र. रात्रीच्या गारठ्यात हा पूल टणक असतो, दुपारच्या उन्हात तोच लोण्यासारखा मऊ होतो. पहाटे ज्या पुलावरून चार माणसे गेली तो दुपारी एकाचेही वजन घेईल असे नाही. म्हणून वाटाडे आपल्या मंडळींना अपरात्री उठवतात आणि वर पोचल्यावर फोटो काढण्यात रमलेल्यांना घाई करतात. लोकांना तो खडूसपणा वाटतो.

आज या भागात एका दिवसाची चढाईही करता येते. १९५५ साली सुरू झालेल्या रोपवेने सकाळी ३,८४२ मीटर उंचीवर जायचे, हिमनदी ओलांडून माँ ब्लाँ द्यु ताक्युल हे ४,२४८ मीटरचे शिखर गाठायचे आणि त्याच दिवशी गावात परतायचे. बुटांना लोखंडी काटे, हातात बर्फाची कुऱ्हाड आणि सगळे एकाच दोराला अंतराअंतराने बांधलेले. एक जण भेगेत गेला तर बाकीच्यांनी जागच्या जागी अंग टाकून त्याला तोलून धरायचे. चढताना वाटाड्या पुढे, उतरताना मागे. ऐकायला सोपे वाटते. पण २४ ऑगस्ट २००८ रोजी याच ताक्युलच्या उतारावर पहाटेच्या अंधारात वरचा बर्फाचा कडा तुटला आणि आठ जण गेले. वेळ पाळणाऱ्यालाही हिमनदी सूट देते असे नाही.

दोर बांधण्याची ही रीत पहिल्यापासून नव्हती. ८ ऑगस्ट १७८६ रोजी गावचे डॉक्टर मिशेल पाकार आणि स्फटिक शोधत डोंगर हिंडणारा जाक बाल्मा हे दोघे माँ ब्लाँवर प्रथम पोचले, तेव्हा त्यांच्याजवळ दोर नव्हताच. लांब काठ्या होत्या. आदल्या रात्री ते हिमनदीच्या काठावर उघड्यावर झोपले, पहाटे चारला निघाले, सगळी हिमनदी तुडवत संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास माथ्यावर पोचले आणि रात्रीच खाली मुक्कामाला परतले. पुढे श्रेय कोणाचे यावरून वाद माजला. बाल्माचा पुतळा १८८७ साली उभा राहिला. डॉक्टरांना स्वतःच्या पुतळ्यासाठी १९८६ पर्यंत थांबावे लागले! तो वाद बाजूला ठेवू. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की त्या दिवसानंतर शामोनीच्या शेतकऱ्यांना आणि गुराख्यांना नवा धंदा मिळाला. पुढच्याच वर्षी सोस्यूर हे जिनिव्हाचे विद्वान अठरा वाटाडे आणि एक नोकर घेऊन माँ ब्लाँवर गेले.

पैसे देणारा साहेब आणि वाट जाणणारा गावकरी. हे नाते कोणत्या मुलखात नव्हते? साहेबाची सुट्टी मोजकी, वाटाड्याच्या घरी खाणारी तोंडे पुष्कळ. अशा वेळी ‘आज नको’ हे शब्द कोण उच्चारणार, आणि उच्चारले तर ऐकणार कोण?

ऑगस्ट १८२० मध्ये याचे उत्तर मिळाले. रशियाच्या झारच्या पदरी असलेले डॉ. जोसेफ हामेल हे शास्त्रज्ञ, ऑक्सफर्डचे दोन इंग्रज आणि जिनिव्हाचे एक गृहस्थ वाटाड्यांसह निघाले. ग्राँ म्युले नावाच्या खडकांवर वादळाने त्यांना अडकवून ठेवले. भरपूर नवे हिम पडले. २० तारखेला आभाळ उघडले तेव्हा जिनिव्हाच्या गृहस्थांनी पुढे यायला साफ नकार दिला, बाकीचे वर निघाले. वाटाड्यांची मनापासून तयारी होती की नव्हती, याबद्दल एकमत नाही. गावात मात्र पुढे हीच हकिकत रुजली, की ते नको म्हणत होते आणि हामेलने त्यांना भ्याड ठरवले. पैसे देणाऱ्यासमोर ‘होय’ म्हणणाऱ्याची संमती किती खरी मानायची, हा प्रश्न दोन्ही हकिकतींत शिल्लक राहतोच.

शेवटच्या उतारावर ते ओळीने आडवे चालले असताना ताजा थर त्यांच्या पायांखालून सुटला. पुढे चालणारे वाटाडे हिमासह खालच्या भेगेत फेकले गेले. पिएर बाल्मा, पिएर कारिए, ओग्युस्त तेराझ हे तिघे पुन्हा दिसले नाहीत. साहेब मंडळी सगळी वाचली.

पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, शामोनीच्या वाटाड्यांनी आपली संघटना उभी केली. जगातली ही अशा प्रकारची सर्वांत जुनी संघटना आणि ती आजही चालू आहे. कामाची पाळी ठरली, म्हणजे गिऱ्हाइकाने हवा तो माणूस घासाघीस करून उचलायचा नाही. आणि डोंगरात मेलेल्यांच्या घरच्यांसाठी मदतीचा निधी उभा राहिला. त्या तिघांच्या मृत्यूतून आलेली ही गोष्ट मला शिखरावरच्या कोणत्याही झेंड्यापेक्षा मोठी वाटते. १८२७ मध्ये तो घातकी उतार टाळणारी दुसरी वाटही सापडली. अर्थात साहेबी थाट काही लगेच संपला नाही. १८५१ साली अल्बर्ट स्मिथ नावाचा लंडनचा एक करमणूककार आणखी तीन इंग्रजांसह माँ ब्लाँवर गेला. चौघांसाठी सोळा वाटाडे, वर हमाल वेगळे, आणि शिदोरीत साध्या वाइनच्या साठ बाटल्या आणि ४६ कोंबड्या! त्या चढाईचा रंगमंचावर खेळ करून त्याने लंडनमध्ये अनेक वर्षे गर्दी खेचली. ओझी वाहणाऱ्यांनी असा खेळ कुठे केल्याचे ऐकिवात नाही.

त्या तिघांचे पुढे काय झाले? जेम्स फोर्ब्स या स्कॉटिश शास्त्रज्ञाने शामोनीच्या हिमनद्यांचा वेग मोजला होता. त्यावरून त्याने सांगितले होते की सुमारे चाळीस वर्षांनी ते खाली येतील. आणि ते आले. १८६१ मध्ये बोसाँ हिमनदीच्या खालच्या टोकाशी अवशेष दिसू लागले. हाडे, कपड्यांच्या चिंध्या, चेपलेला कंदील, शिखरावरून उडवण्यासाठी नेलेल्या कबुतराचा पंख. त्या अपघातातून वाचलेला वाटाडा जोसेफ-मारी कुते तेव्हा सत्तरी ओलांडलेला होता. त्याने जुन्या सोबत्याचा हात ओळखला असे सांगतात. हिमनदीने हात तसाच जपला होता, म्हातारा झाला होता तो फक्त कुते.

या बोसाँ हिमनदीशी आपल्या मुंबईचेही नाते आहे, दुर्दैवाने. ३ नोव्हेंबर १९५० रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ माँ ब्लाँवर आदळले, ४८ जण गेले. त्यांच्या शोधासाठी वादळी हवेत वर निघालेल्यांपैकी रने पायो हा शामोनीचा वाटाड्या प्राणाला मुकला. पुढे २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे विमान जवळजवळ तिथेच कोसळले. ११७ जण होते, त्यांत डॉ. होमी भाभा. तेव्हापासून ही हिमनदी त्या विमानांचे तुकडे थोडेथोडे खाली आणून देत आहे. २०१२ मध्ये भारत सरकारची टपाल-थैली मिळाली. २०२० मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान होणार ही बातमी छापलेली जानेवारी १९६६ची भारतीय वृत्तपत्रे मिळाली, वाचता येतील अशी.

बर्फ वेगाने वितळतो आहे, म्हणून हे सारे लवकर उघडे पडते आहे. त्याच उष्म्याने खडकही ढिले होत आहेत, कारण उंचावरचे कित्येक सुटे खडक आजवर भेगांतल्या बर्फाने सांधून धरले होते. जुलै २०२२ मध्ये माँ ब्लाँच्या नेहमीच्या वाटेवर दगडांचा इतका मारा सुरू झाला की शामोनीच्या संघटनेने आणि शेजारच्या सँ-झेर्वे गावच्या वाटाड्यांनी त्या वाटेने कोणालाही नेणे थांबवले. ऐन हंगामात रोजगारावर पाणी सोडले. दोनशे वर्षांपूर्वी तिघांना जे जमले नाही, किंवा जमू दिले गेले नाही, ते त्या उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून केले.

तरीही काही हौशी लोक वाटाड्यांशिवाय वर जातच राहिले. तेव्हा सँ-झेर्वेच्या महापौरांनी जाहीर केले, की ज्याला जायचे असेल त्याने आधी पंधरा हजार युरो अनामत ठेवावेत. दहा हजार सुटकेच्या खर्चासाठी आणि पाच हजार अंत्यविधीसाठी.